चाकूबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

घोडबंदर रोड, वाशी, नेरूळच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बंदुकीपुढे इलाज नाही, पण चाकूवाल्याचं मनगट पकडा, चाकू घुसलाच तर लगेच उपसून काढा.’

गोळीची जखम सरासरीने जास्त जीवघेणी, एवढं खरं. बाकीचं चूक.

अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये दाखवलं, की 21 फुटांवरचा धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. आपल्या सोसायट्यांच्या पॅसेजमध्ये अंतर बहुतेकदा त्याहून कमी. शिवाय चाकूतल्या गोळ्या संपत नाहीत, आणि मनगट पकडायला जाणाऱ्याचे तळहात, बोटं आधी चिरली जातात. मोबाईल, पाकीट मागितलं तर देऊन टाका. वाट मिळताच पळा, मध्ये दार, गाडी, टेबल काहीही येऊ द्या. बंदुकीपुढे मात्र नुसतं पातळ दार पुरत नाही. गोळी आरपार जाते. जाड भिंत गाठा.

उपसायचा सल्ला सर्वांत घातक. रुतलेलं पातं कापलेली रक्तवाहिनी दाबून धरत असू शकतं. काढलं की रक्त उसळतं. पातं हलवू नका. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून बांधा. पातं नसेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने जोरात दाबा. भिजलं तरी उचलून बघू नका, वरून दुसरं ठेवा. पाणी पाजू नका. 108 ला रुग्णवाहिका, 112 ला पोलीस.

‘पोलीस केस आहे’ म्हणून डॉक्टरांना उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच ते स्पष्ट केलंय.

जुना मेसेज ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथून कृपया डिलीट करा.