फाइल वापरात आहे

फाइल एक आणि माणसं सहा. मेलवरून फिरवायची नाही, सर्व्हरवर ठेवायची आणि तिथूनच वर्डमध्ये उघडायची, असं ठरतं. वेबडॅव्ह, म्हणजे सर्व्हरवरची फाइल तिथल्या तिथेच उघडून बदलायची सोय, १९९९ पासून त्यासाठीच आहे, त्यामुळे मीही मान डोलावतो. ठरवायला काय जातं?

पहिला अडसर पासवर्डचा. पासवर्ड बरोबर, तरी खिडकी पुन्हा पुन्हा तोच मागते. साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्या उघड्या वाटेने, विंडोज पासवर्ड पाठवायला तयारच नसतं. सर्व्हरला एचटीटीपीएस, म्हणजे तीच वाट पण झाकलेली, लावा, खिडकी गप्प बसते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत, ढवळाढवळ करून साध्यावरही चालवता येतं, पण मग पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवल्यासारखाच.

मग नाव. कुणीतरी मराठी बाण्याने 'अंतिम अहवाल' असं नाव देतं. वेबच्या पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि बाइट लिहायला टक्क्याच्या (%) चिन्हासकट तीन अक्षरं. नुसता 'अ' म्हणजे टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का आठ पाच. काना, वेलांटी, अनुस्वार यांचं भाडं वेगळं. मधल्या मोकळ्या जागेसकट त्या दोन शब्दांची ९३ अक्षरं होतात. ही लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की उत्तर येतं, "साहेब, व्हायरस आहे का?"

अहवालात साइटचे फोटो असतातच. सर्व्हरपुढे एन्जिनएक्स हा दारवान प्रोग्रॅम बसवलेला असेल, तर वर चढवायच्या फाइलला त्याची मूळची मर्यादा १ एमबी, म्हणजे एका फोटोलाही कमीच. ४१३ असा आकडा दिसला की हेच दुखणं समजायचं आणि सेटिंगमध्ये मर्यादा वाढवायची. फाइल उतरवून घेताना विंडोजचा स्वतःचा हिशोब निराळा: ५ कोटी बाइटच्या वर नाही. ही मर्यादा रजिस्ट्रीत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत वाढवता येते, पण त्यानंतर विंडोजची वेबक्लायंट सेवा (वेबडॅव्हचं काम बघणारी) बंद करून पुन्हा चालू करावी लागते. ते कुणी करत नाही. मग सगळे म्हणतात, आकडा वाढवून काही झालं नाही.

खरी मजा कुलपाची. फाइल लिहायला उघडली की वर्ड सर्व्हरवर कुलूप लावतं. दुसरा गेला की त्याला फक्त वाचायला मिळते. सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम अपाची असेल आणि कुलपांची नोंद ठेवायच्या फोल्डरमध्ये त्याला लिहिता येत नसेल, तर कुलूपच लागत नाही आणि मग सहाही जणांना फाइल फक्त वाचायला. त्या फोल्डरची मालकी अपाचीच्या खात्याला दिली की सुटतं. पण कुलूप लागलं आणि लावणारा लॅपटॉप मिटून जेवायला गेला, तर मुदत संपेपर्यंत ते सुटत नाही. तोवर पाच जण आपापल्या डेस्कटॉपवर 'अंतिम अहवाल २', 'अंतिम अहवाल खरा', 'अंतिम अहवाल हाच घ्या' करून ठेवतात. दीड तासाने तो ढेकर देत येतो आणि सांगतो, "मी कुठे काय बदललं? मी तर नुसती उघडून ठेवली होती."