शंभर किलोंच्या आतील दुकानांना कचरा वेगळा करण्यातून सूट नाही

इंदूरमधील मराठी मंडळींच्या मोबाइलवर सध्या असा संदेश फिरत आहे की, ज्या दुकानाचा कचरा दिवसाला 100 किलोंपेक्षा कमी आहे, त्याला तो वेगळा करण्याची सक्ती नाही आणि शुल्कही लागत नाही. हा अर्थ चुकीचा आहे. 100 किलोंची मर्यादा 2016 च्या केंद्रीय घनकचरा व्यवस्थापन नियमांतून आली असून, मोठ्या प्रमाणात कचरा निर्माण करणाऱ्या आस्थापना कोणत्या, हे ठरवण्यापुरतीच ती आहे. ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जादा जबाबदारी अशा आस्थापनांवर येते. वर्गीकरण आणि महापालिकेच्या उपविधींनुसार (स्थानिक नियमांनुसार) ठरलेले शुल्क मात्र घर, पानटपरी, खानावळ अशा प्रत्येकालाच लागू आहे. (दिवसाला 100 किलो कचरा काढणारी पानटपरी आम्ही तरी पाहिलेली नाही.) इंदुरात तर ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक असे सहा प्रकार वेगवेगळे घेतले जातात. ‘पुढे सगळे एकत्रच होते’ हे संदेशातील वाक्यही टिकत नाही, कारण इंदूरमधील देवगुराडिया येथे 2022 मध्ये सुरू झालेला, दिवसाला 550 टन क्षमतेचा बायो-सीएनजी (कचऱ्यापासून इंधनवायू) प्रकल्प वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यावरच चालतो.