ही नव्हं, दुसरी

माझी आजी एकदा मरून परत आली होती. आमच्या घरात हे असंच सांगितलं जायचं. साताऱ्याकडचं गाव, तिचं चौथं बाळंतपण, रक्त फार गेलेलं. तिला भुईवर उतरवलं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं, माहेरी सांगावा धाडला. आणि मग तिने पाणी मागितलं.

आम्ही नातवंडं तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. "दोघं आलं व्हतं गं, काळं घोंगडं पांघरून. मला चालवत न्हेलं. तिथं एक म्हातारा चोपडी घिऊन बसलेला. त्यानं पान उलटलं आन् म्हनला, ही न्हवं, हिच्या नावाची दुसरी. हिला मागारी सोडा." त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतली तिच्याच नावाची एक बाई गेली, असं गावात सांगत. ते खरंच घडलं की गोष्टीला मागून चिकटलं, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही.

कॉलेजात गेल्यावर मी हे सगळं 'अशक्तपणातला भास' म्हणून मोडीत काढलं. पुढे कधीतरी कळलं, की बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा यांनी अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांच्यासोबत १९८६ मध्ये अशा १६ भारतीय माणसांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या होत्या. न्यायला आलेले दूत, वही घेऊन बसलेला माणूस, नावाची चूक, परत पाठवणी. माझ्या आजीचीच गोष्ट, तिला कधीही न भेटलेल्या माणसांच्या तोंडून. पाश्चात्त्य देशांतल्या हकिकतींत वही नसते. तिथे बोगदा असतो, उजेड असतो, आणि परत येण्याचं कारण बहुधा 'तुझी वेळ अजून आली नाही' असं असतं. आपल्याकडे काळ आला होता पण वेळ आली नव्हती म्हणतात, तेच.

यावरून माझं मत झालंय ते असं: चित्रं प्रत्येकाच्या घरची असतात, पण मरणाच्या उंबऱ्यावर काहीतरी अनुभवाला येतं हे खरं आहे. २००१ मध्ये पिम व्हॅन लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञाने हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या ६२ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांना, असं काही आठवत होतं. मेंदूला प्राणवायू तर सगळ्यांचाच कमी पडला होता, मग उरलेल्यांना का नाही, हा त्याचा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो.

पण याच आकड्यांवरून 'आत्मा सिद्ध झाला' असे जे व्हिडिओ फिरतात, ते मला मान्य नाहीत. सॅम पार्निया या डॉक्टरांच्या गटाने इस्पितळांत उंचावर फळ्या लावून त्यावर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. शरीर सोडून छताशी गेलेल्याला ती दिसायला हवीत. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, वाचले ३३०, मुलाखती झाल्या १४० जणांच्या. चित्र पाहिल्याचं एकानेही सांगितलं नाही. बहुतेक घटना फळ्या नसलेल्या जागी घडल्या होत्या, त्यामुळे कोणत्याच बाजूने निकाल लागला नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या मेंदूसंशोधक जिमो बोर्जिगिन यांनी चार रुग्णांच्या मेंदूची नोंद तपासली. व्हेंटिलेटर काढल्यावर त्यातल्या दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी एकदम उसळल्या. जागेपणी विचार करताना, आठवताना ज्या दिसतात, त्याच लहरी. त्यांनी काय पाहिलं? ते दोघंही परत आले नाहीत. आजी परत आली, सांगितलंही तिने, पण तिच्या डोक्याला कोणी तारा लावल्या नव्हत्या. सांगणारा आणि यंत्र एका खाटेपाशी अजून नीट भेटलेले नाहीत. जे परत आले ते मुळात पुरते गेलेच नव्हते, म्हणून पलीकडची साक्ष त्यांच्याकडून मिळणार नाही. कठोपनिषदातल्या नचिकेताने थेट यमालाच विचारलं होतं, की मेल्यावर माणूस उरतो असं काही म्हणतात, नाही असं काही म्हणतात, खरं काय? यमही आधी म्हणाला, दुसरा वर माग, यात देवांनाही शंका होती.

मला मात्र मरणाच्या अलीकडचंच छळतं. मरणं हा एक क्षण नाही, ती वाट आहे, आणि त्या वाटेवर माणूस किती जागा असतो?

माझे बाबा आयसीयूत चार दिवस होते. "त्यांना आता काही कळत नाही," असं आम्हाला सांगण्यात आलं. ते ऐकल्यावर आमची जीभ सैल सुटली. बिल किती होईल, सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढवायचं, कोणी किती रजा काढायची, सगळं त्यांच्या उशाशी बोललो. मीही बोलले. त्यांच्याशी म्हणून एक वाक्य मी बोलले नाही.

२०२० मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी मरणाला काही तास उरलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांना ठरावीक सूर ऐकवून ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद, घेतला. काहींचा मेंदू त्या सुरांना धडधाकट तरुणांसारखाच प्रतिसाद देत होता. ऐकलेलं त्यांना उमगत होतं का, हे त्यावरून सांगता येत नाही, असं संशोधकांनीच म्हटलंय. मी ते वाचलं त्या रात्री सातबाऱ्याचं ते बोलणं शब्दन् शब्द आठवलं आणि झोप लागली नाही.

म्हणून कळकळीने सांगते. तुमचं माणूस असं पडलेलं असेल तर पैशांचं बाहेर जाऊन बोला. त्याच्याशी बोला, त्याला हाक मारा. उद्या यातलं काहीच पोचत नाही असं सिद्ध झालं तरी तुमचं काय गेलं?

आई गेली तेव्हा मी तिचा हात सोडला नाही. काय बोलावं सुचेना, तेव्हा जे ती जन्मभर झोपण्याआधी विचारायची तेच सांगत बसले. आई, गॅस बंद केलाय. मागच्या दाराला कडी लावलीये. दुधाला विरजण घातलंय. तुळशीला पाणी झालंय.