'डार्कलिंग' म्हणजे अंधारलेला नव्हे

'डार्कलिंग' हा इंग्रजी शब्द आता कोणाच्या बोलण्यात नाही. जुन्या कवितेत भेटला की आपण 'अंधारलेला' असा अर्थ लावतो आणि पुढे जातो. मला हे फार खटकतं.

कारण मुळात हे विशेषण नाहीच, क्रियाविशेषण आहे. अर्थ एवढाच: अंधारात. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातला विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि आपण डार्कलिंग उरलो. तिथे माणसं अंधारलेली नाहीत, अंधारात सापडली आहेत.

इंग्रज कवी मिल्टनने हा शब्द कुठे वापरला ते पाहा. 'पॅरडाइज लॉस्ट' हे त्याचं महाकाव्य 1667 साली छापलं गेलं, त्याच्या कितीतरी आधी त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. ओळी तो तोंडी सांगायचा, दुसरे लिहून घ्यायचे. तिसऱ्या सर्गाच्या आरंभी तो प्रकाशाला हाक मारतो, आपल्या आंधळेपणाबद्दल बोलतो आणि स्वतःची तुलना करतो रात्री जागणाऱ्या पाखराशी. दाट झाडीत दडून ते डार्कलिंग गातं. इथे 'अंधारलेलं' म्हटलं की सगळंच गेलं. गाणं अंधारलेलं नाही, गाणारा अंधारात आहे आणि तरी गातो आहे.

कवी कीट्सने 1819 मध्ये नाइटिंगेल या पाखरावर कविता लिहिताना हाच शब्द पाखराकडून काढून ऐकणाऱ्याला दिला. पायाशी कोणती फुलं आहेत ते त्याला दिसत नाही, वासावरून ओळखायची. आदल्याच डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता. ते आठवलं की त्या अंधारात बसलेला माणूस मला फार जवळचा वाटतो.

पुढे कवी आर्नल्डच्या 'डोव्हर बीच' या कवितेत तो शब्द मैदानाचं विशेषण झाला. 1900 च्या अखेरीस हार्डीने आपल्या कवितेत तो एका म्हाताऱ्या, मरतुकड्या थ्रश पक्ष्याला लावला. रूप विशेषणाचं असलं तरी त्या पक्ष्याच्या गाण्यात मला मिल्टनचं पाखरू ऐकू येतं.

भाषांतर करताना मराठीत 'वनी', 'अंतरी' यांच्या चालीवर 'अंधारी' म्हणता आलं असतं. पण आज ते वाचणाऱ्याला 'अंधारी खोली'च आठवणार. म्हणजे इंग्रजीत त्या शब्दाचं जे झालं, तेच इथेही. त्यामुळे मी साधं 'अंधारात'च ठेवीन. फक्त कीट्सच्या ओळीत ते पहिलं यायला हवं, त्याने ठेवलंय तसंच: अंधारात ऐकतो आहे मी.