गुडघे दुखणाऱ्यांनी आधी बोटीचा धक्का बघा

ज्येष्ठांना न्यायचं तर डोळे झाकून समुद्राऐवजी रिव्हर क्रूझ, म्हणजे नदीतली बोटीची सफर घ्या, असं क्रूझवरच्या लेखात ठोकून दिलंय ते काही पटलं नाही. नदीत बोट लागून मळमळत नाही हे मान्य, पण आईला घेऊन युरोपातल्या डॅन्यूब नदीवर गेलो तेव्हा खरा त्रास धक्क्यावर झाला. तिथे जागा कमी म्हणून तीन-तीन बोटी एकमेकींना चिकटून उभ्या करतात, आमची सगळ्यात बाहेरची, मग काठावर जायला दुसऱ्या दोन बोटींमधून जा, एकदा तर वरच्या डेकवरून जिने चढून-उतरून, आणि लिफ्ट तिथवर जातच नाही! खिडकीतून नदीऐवजी शेजारच्यांचे पडदे दिसतात ते वेगळंच. समुद्रातल्या मोठ्या जहाजाला ढीगभर लिफ्ट असतात, तोल सांभाळणारे स्टॅबिलायझर असल्याने डुलणंही बरंच कमी होतं. फक्त छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेणारी बंदरं किती आहेत ते आधी विचारा, गुडघे दुखत असतील तर तिथे पंचाईत.

अजून एक, नदीच्या पाण्याच्या पातळीबद्दल लेखात अवाक्षर नाही. युरोपातल्याच ऱ्हाईन नदीला २०१८ आणि २०२२ ला पाणी इतकं आटलं की बोटी पुढे जाईनात आणि कित्येकांची क्रूझ अर्धी बसमधूनच झाली.