कृष्णामाईचं लेकरू कसं व्हावं

सांगलीत नव्यानं राहायला आलात? मग आधी एक शिका, नदीला नदी म्हणू नका. माई म्हणा. माई म्हटलं की लेकरांचे अपराध पोटात घालणं तिच्याकडे लागतं. आपणही तिच्या पोटात काही कमी घालत नाही. शेरीनाला एकदा बघून या, नाकाला रुमाल लावून. शहराचं सांडपाणी तिथून माईच्या भेटीला जातं. हा प्रश्न सोडवण्याचं आश्वासन ऐकत मोठी झालेली पोरं आता स्वतः तेच आश्वासन देतात.

पावसाळ्यात कुणी भेटलं तर ‘काय, बरं हाय का?’ विचारायचं नाही. ‘आयर्विनला किती?’ विचारायचं. 1929 सालचा पूल आहे, त्याच्यावरचे फूट मोजत आपण जगतो. 40 इशारा, 45 धोका. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. चाळिशी गाठायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉटातली माणसं फ्रिज माळ्यावर चढवतात. तुम्ही तोवर पोरांना घेऊन पाणी बघायला जा. कणीस खा.

पाणी चढायला लागलं की वर बघा : कोयनेनं सोडलं. (याच कोयनेचे 105 टीएमसी भरले की साडी-चोळी देऊन जलपूजन होतं. भरली तर माई, सोडली तर वैरीण.) उतरेना झालं की खाली बघा : कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं अडवलं. त्यासाठी 519.60 आणि 524.256 हे दोन आकडे पाठ करून ठेवा. आत्ताची पातळी आणि कर्नाटकाला हवी असलेली पातळी, दोन्ही मीटरमध्ये. चहाच्या टपरीवर फार वजन पडतं. अलमट्टीचं भांडण खोटं नाही, पण त्याचा मोठा फायदा असा की मधे बघावं लागत नाही. मधे निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यात, तुमचा प्लॉट आहे. दोन ट्रॉल्या मुरूम टाकून ओढा बुजवला की झालं, पुढं गुंठेवारीत नियमित होतंय.

नदीत मेलेल्या माशांचा खच दिसला तर घाबरू नका. साहेब येतात, बाटलीत पाण्याचा नमुना घेतात, जातात. मळी कुणी सोडली, हे मात्र विचारू नका. तुमचा ऊस तिकडंच गेलाय आणि बिल अजून यायचंय.

भक्तीत कसूर नको. ओटी भरा, पिशवीसकट भरा. निर्माल्यकुंड दिसलं तर त्याला टेकून चप्पल काढा आणि हार नदीतच सोडा, कुंडातलं देवाला पोचतंय का नाही कुणास ठाऊक!

घरी प्यायला जार लावा. माईचं पाणी तांब्यात भरून, तोंड बंद करून देव्हाऱ्यात ठेवा. जरा उंचावर. पोरं चुकून पितील.