फास्ट मशीनने चुकीचं उत्तरच लवकर आलं असतं

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की सिम्युलेशन, म्हणजे हवामानासारख्या गोष्टी कंप्युटरवर आकडेमोडीने उभ्या करणं, जे काही पुढे गेलं ते चिप फास्ट झाल्या म्हणून, समीकरणं तर शंभर वर्षं जुनीच आहेत, मग गणितवाल्यांचं त्यात काय. समीकरणं जुनी आहेत हे मान्यच, पण बाकीचं मला अजिबात पटलं नाही, का ते सांगतो.

ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन घ्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे अँब्युलन्सवर काम करत असताना या माणसाने २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचा सहा तासांचा हवामानाचा अंदाज हाताने आकडेमोड करून काढला, आणि उत्तर आलं की बव्हेरियात हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढणार! अहो, भल्या मोठ्या चक्रीवादळाच्या मध्यातला दाबसुद्धा बाहेरच्यापेक्षा शंभरेक मिलिबारने कमी असतो, आणि त्या दिवशी तर दाब जवळपास जागेवरच होता. तरी त्याने १९२२ च्या पुस्तकात ते जसंच्या तसं छापलं, मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता त्याला आजचा कंप्युटर दिला असता तर? तेच १४५ क्षणात आलं असतं. कारण घोळ वेगाचा नव्हता, सुरुवातीला भरलेले वारा आणि दाबाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते आणि त्यातून खऱ्या हवेत नसतात एवढ्या मोठ्या, वेगवान लाटा गणितात उठल्या. पुढे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तोच डेटा घेतला, सुरुवातीचे आकडे गणिताने नीट बसवले, बाकी पद्धत रिचर्डसनचीच, तर बदल आला १ मिलिबारपेक्षाही कमी.

शिवाय रिचर्डसनची टाइम स्टेप, म्हणजे आकडेमोडीत एका वेळी किती पुढे उडी मारायची ती, होती तीन तासांची. १९२८ साली कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी दाखवलं की त्याच्यासारख्या पद्धतीत एका स्टेपमधे लाट साधारण नकाशावर आखलेल्या एका चौकोनापलीकडे जाता कामा नये, नाहीतर आकडे फुगत जातात. चौकोन २०० किलोमीटरचा, लाट सेकंदाला ३०० मीटर, करा भागाकार, ६६७ सेकंद, म्हणजे जेमतेम ११ मिनिटं. तो एकच स्टेप चालला म्हणून हे त्याला दिसलंच नाही.

पुढे हवामानशास्त्रज्ञ चार्नी यांनी समीकरणंच अशी साधी केली की या वेगवान लाटा त्यात येतच नाहीत, म्हणून १९५० मधे एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या कंप्युटरवर एक ते तीन तासांच्या स्टेप चालल्या. तरी २४ तासांच्या अंदाजाला साधारण २४ तासच लागले, तेव्हा मशीनशिवाय हे कागदावरच राहिलं असतं हा तुमचा मुद्दा बरोबरच आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की आता एआय समीकरणांशिवायच अंदाज देतं. ग्राफकास्टसारखी हवामानाची एआय मॉडेलं शिकली ती ईआरए-५ या डेटावर, आणि तो नुसत्या थर्मामीटरच्या नोंदींचा ढीग नाही, जुनी निरीक्षणं आणि समीकरणांवर चालणारं मॉडेल यांचा गणिताने मेळ घालून तो बनवलाय, म्हणजे जिथे कुठलंही स्टेशन नव्हतं अशा भर समुद्रातला आकडासुद्धा एआयला मिळाला तो याच समीकरणांच्या जोरावर.